हार्बिनचा वैद्य : डॉ. वू लियेन-ते



नाताळच्या आदल्या दिवशी, म्हणजे २४ डिसेंबर १९१० रोजी, उत्तर मांचुरियातील हार्बिनच्या रेल्वे स्थानकावर एकतीस वर्षांचा एक तरुण डॉक्टर उतरला. सोबत एक विद्यार्थी, हाती एक सूक्ष्मदर्शक यंत्र, आणि बाहेर शून्याखाली पंचवीस-तीस अंशांची थंडी. ज्या देशाच्या सरकारने त्याला पाठविले होते, त्या देशाची राजभाषाही त्याला नीट बोलता येत नव्हती. तेवढ्यासाठी त्या विद्यार्थ्याचा आधार घ्यावा लागे. हार्बिनच्या शेजारच्या फूच्यात्येन या चिनी वस्तीत त्या वेळी माणसे पटापट मरत होती. ताप येई, खोकला सुरू होई, थुंकीतून रक्त पडे, आणि एक-दोन दिवसांत सारा खेळ आटोपे. ज्याला हा रोग झाला तो वाचला, असे जवळजवळ घडतच नव्हते.

त्या डॉक्टरांचे नाव वू लियेन-ते. आज त्यांची गोष्ट आपल्यापुढे ठेवण्यास कारण आहे. आपल्या मंडळ्यांमधील किती लेकी-सुना परिचारिकेचा गणवेश घालून रात्रपाळीला जातात, हे आपण जाणता. मिरजेपासून वेल्लोरपर्यंत आणि तेथून पुढे आखाती देशांपर्यंत त्या पसरल्या आहेत. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा अशा प्रत्येक घरात एकच प्रश्न उभा राहिला : आमच्या मुलीने आज कामावर जावे की नाही? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, अधिक अवघड प्रश्न : देवावर भरवसा ठेवणाऱ्याने स्वतःला इतके जपावे काय? जानेवारी २०२० ते मे २०२१ या अवधीत जगभरातील ८०,००० ते १,८०,००० आरोग्यसेवक करोनाने दगावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हे दोन्ही प्रश्न त्याच्या एकशे दहा वर्षे आधी हार्बिनच्या बर्फात, फार क्रूर रीतीने, विचारले गेले होते.

वू यांचा जन्म १० मार्च १८७९ रोजी पेनांग येथे झाला. वडील कँटनकडून मलायात येऊन स्थायिक झालेले सोनार. घरच्या बोलीत मुलाचे नाव न्गोह लियान-टक. वू लियेन-ते हे त्याचेच उत्तरेकडील रूप. मुलगा हुशार निघाला. पेनांग फ्री स्कूलमधून त्याने इंग्लंडला जाण्याची राणीची शिष्यवृत्ती मिळविली आणि १८९६ साली केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजात प्रवेश घेतला. त्या विद्यापीठात वैद्यक शिकणारा तो पहिला चिनी विद्यार्थी. पुढे लंडनचे सेंट मेरीज रुग्णालय, लिव्हरपूल, जर्मनीतील हाले आणि पॅरिसची पाश्चर संस्था, असा प्रवास करीत त्याने जंतुशास्त्राचे त्या काळातील उत्तम शिक्षण घेतले.

मायदेशी परतल्यावर मात्र वसाहतीच्या सरकारी वैद्यकीय सेवेत वरची जागा गोऱ्या माणसांनाच मिळे. वूंनी पेनांगला स्वतःचा दवाखाना काढला. १९०५ साली त्यांचा विवाह रूथ ह्वांग यांच्याशी झाला. रूथ ज्यांच्या कन्या, ते वाँग नाइ-स्यांग हे फूचौचे नामांकित मेथॉडिस्ट पुढारी. आपल्या भागातील शेकडो ख्रिस्ती कुटुंबांना घेऊन त्यांनी सारावाकमधील सिबू येथे नवी वसाहत उभारली होती. सासरचे हे घराणे सुधारणेच्या कामाने भारलेले होते, आणि जावईही त्याच वाटेचा होता. वूंनी अफूच्या व्यसनाविरुद्ध मोहीम उघडली. या अफूचा मोठा भाग आपल्याच देशातून, बंगाल-बिहारमधून आणि माळव्यातून, कलकत्ता व मुंबई बंदरांमार्गे जात होता, हे इंदूर-उज्जैनकडील वाचकांना वेगळे सांगावयास नको. अफूच्या पैशावर ज्यांचे बंगले उभे होते त्यांना हा तरुण डॉक्टर खुपू लागला. १९०७ साली त्यांच्या दवाखान्यात औषधासाठी ठेवलेला अफूचा एक औंस अर्क सापडला, एवढ्या निमित्तावर खटला भरून त्यांना दंड करण्यात आला. त्याच सुमारास चीनमधून बोलावणे आले, आणि १९०८ साली ते तिएन्त्सिनच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाचे उपसंचालक झाले. तेथूनच त्यांना हार्बिनला पाठविण्यात आले.

आता त्या रोगाविषयी. प्लेग हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. १८९६ मध्ये तो मुंबईत आला, पुण्यात शिरला आणि घरेच्या घरे ओस पडली. प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. पण आपल्याकडील तो प्लेग मुख्यतः गाठीचा होता. उंदीर मरत, त्यांच्या अंगावरील पिसवा माणसाला चावत, काखेत वा जांघेत गाठ येई. पिसवांचा हा संबंध फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये दाखवून दिला, आणि काही वर्षांत तो सर्वमान्य झाला. त्यामुळे हार्बिनमधील रशियन आणि जपानी डॉक्टर १९१० साली काय करीत होते? उंदीर पकडून तपासत होते. शेकडो उंदीर चिरले. एकातही जंतू सापडेना.

वूंनी उंदरांऐवजी माणसाकडे पाहिले. २७ डिसेंबर रोजी एका खाणावळवजा धर्मशाळेची जपानी मालकीण मरण पावली. चीनमध्ये शवविच्छेदन हे पाप समजले जाई आणि कायद्यानेही त्यास बंदी होती. तरीही वूंनी त्या खोलीतच, गुपचूप, शवाची तपासणी केली. फुफ्फुसे, हृदय, प्लीहा, यकृत, जेथे पाहावे तेथे प्लेगचे जंतू. गाठ मात्र कोठेच नाही. त्यावरून आणि रोग्यांच्या खोकल्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की हा प्लेग फुफ्फुसाचा आहे. तो माणसाकडून माणसाकडे, खोकल्याबरोबर उडणाऱ्या तुषारांतून, श्वासावाटे जातो. येथे उंदराची गरजच नाही.

रोग मुळात आला कोठून, हेही त्यांनी शोधले. मंगोलिया-मांचुरियाच्या गवताळ माळांवर बिळे करून राहणारा, खारीच्या कुळातील पण मांजराएवढा, तार्बागान नावाचा प्राणी आहे. युरोपात त्याच्या कातड्याला भाव चढला, तसे हजारो अननुभवी मजूर त्याच्या शिकारीला धावले. जुन्या शिकाऱ्यांना आजारी तार्बागान ओळखता येई, ते त्याला शिवत नसत. नवख्यांना ते ठाऊक नव्हते. हिवाळा लागताच हे मजूर गावाकडे परतू लागले. वाटेतील धर्मशाळांत विटांचे तापवलेले ओटे असत, त्यांस कांग म्हणतात. त्यावर तीस-चाळीस माणसे अंगाला अंग लावून झोपत, आणि थंडीमुळे दारे-खिडक्या घट्ट बंद. एक खोकला की सारी खोली बाधित. त्यात नव्या रेल्वेने माणसांबरोबर रोगही दूरवर पोहोचविला.

निदान झाले, आता ते पटवावयाचे होते. वूंनी आपल्या सहकाऱ्यांना सांगितले की रोग्याजवळ जाताना तोंड व नाक झाकलेच पाहिजे. शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जन जाळीदार कापड तोंडाला बांधतात ही प्रथा युरोपात १८९७ पासून होती. तिचाच विस्तार करून त्यांनी गॉझच्या पट्टीत कापसाची जाड घडी घातली, पट्टीची टोके कातरीने चिरून त्यांचे बंद केले, आणि ते बंद डोक्यामागे नीट आवळता येतील अशी योजना केली. बाजारात मिळणाऱ्या दोन वस्तू, शिवणकाम नाही, खर्च काही पैशांचा. कोणत्याही हमालाला एकदा दाखविले की बांधता येईल अशी ही मुखपट्टी होती. (लेवीय पुस्तकात चर्मरोग्याने आपले ओठ झाकावेत असा नियम आहे, तो येथे आठवतो. तेथे रोग्याने तोंड झाकावयाचे. हार्बिनमध्ये प्रथमच मोठ्या प्रमाणावर सेवा करणाऱ्याने ते झाकले.)

पण पुष्कळांना हे हास्यास्पद वाटले. त्यांत सर्वांत नामवंत होते डॉ. जेराल्ड मेस्नी. हे फ्रेंच डॉक्टर तिएन्त्सिनच्या पेयांग वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते, वूंपेक्षा वयाने आणि मानाने मोठे होते, आणि याआधी चीनमधील एका प्लेगच्या साथीशी त्यांनी प्रत्यक्ष झुंज दिली होती. २ जानेवारी १९११ रोजी ते हार्बिनला आले. आपल्यासारख्या अनुभवी माणसाला डावलून एका चिनी पोराच्या हाती सूत्रे असावीत, हे त्यांना सहन झाले नाही. वू त्यांना भेटावयास गेले असता त्यांनी रागाच्या भरात वूंचा, आणि त्यांच्या वंशाचाही, अपमान केला. वूंनी वाद वाढविला नाही. त्यांनी राजधानीला तार करून स्वतःचा राजीनामा पाठविला. सरकारने राजीनामा नाकारला आणि मेस्नींना मुख्याधिकारी करण्याचेही नाकारले.

मेस्नी रशियनांच्या प्लेग रुग्णालयात गेले. तेथील प्रमुख डॉक्टरांचे आडनाव ऐकून मुंबईकर वाचक चमकतील : ते हाफकिन. ज्या वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली, त्यांच्याच नात्यातले हे डॉक्टर. त्या रुग्णालयात लसीवर विश्वास होता, मुखपट्टीवर नव्हता. लस गाठीच्या प्लेगात उपयोगी पडे. श्वासावाटे थेट फुफ्फुसात शिरणाऱ्या रोगापुढे तिची मात्रा फारशी चालत नव्हती. ५ जानेवारी रोजी मेस्नींनी तेथे पांढरा अंगरखा आणि हातमोजे घातले, चार रोग्यांना जवळून तपासले, त्यांच्या छातीला कान लावला. तोंडावर काही बांधले नाही. तीन दिवसांनी त्यांना थंडी वाजून ताप आला, खोकला सुरू झाला, थुंकी लाल झाली. वू त्यांना पाहावयास गेले. करण्यासारखे काही उरले नव्हते. ११ जानेवारी रोजी मेस्नी वारले.

वाचकहो, मेस्नींना मूर्ख म्हणून मोकळे होण्याची घाई आपण करू नये. ते भित्रे नव्हते, आळशी नव्हते, आणि अज्ञानी तर मुळीच नव्हते. त्यांना घात झाला तो त्यांच्या अनुभवाचा. गाठीच्या प्लेगात रोग्याजवळ उघड्या तोंडाने बसता येत होते. ते कितीदा तरी बसले होते आणि सुखरूप उठले होते. धोक्याची जागा बदलली होती, हे मानावयास त्यांचे मन तयार झाले नाही. आणि ते सांगणारा वयाने लहान, चिनी माणूस होता, म्हणून तर मुळीच झाले नाही.

मेस्नींच्या मृत्यूने हार्बिन हादरले. एक मोठा युरोपियन डॉक्टर सहा दिवसांत मेला, ही बातमी पसरताच रस्त्यावरचा प्रत्येक माणूस मुखपट्टी मागू लागला. कोणी ती गळ्यात ताईतासारखी अडकवी, कोणी कानाला लटकवून हिंडे. तरी एकंदरीत तिचा स्वीकार झाला. वूंचे सर्व आदेश पाळले जाऊ लागले. फूच्यात्येनचे चार विभाग पाडण्यात आले. प्रत्येक विभागातील रहिवाशांना निराळ्या रंगाची खूण देण्यात आली आणि परवान्याशिवाय विभाग ओलांडण्यास मनाई झाली. वस्तीभोवती सुमारे हजार-बाराशे सैनिकांचा वेढा पडला. रशियन रेल्वेने मालगाडीचे १२० डबे उसने दिले, आणि रोग्यांच्या सहवासात आलेल्यांना त्या डब्यांत वेगळे ठेवण्यात आले. घरोघर तपासणी सुरू झाली.

ही तपासणी करीत कोण होते, रोगी आणि प्रेते उचलीत कोण होते, हे मात्र डॉक्टरांच्या चरित्रांत बहुधा एका ओळीत उरकले जाते. वूंनी तसे केले नाही. त्यांनी त्या माणसांची मोजदाद ठेवली. त्या मोहिमेत राबलेल्या सुमारे तीन हजार कर्मचाऱ्यांपैकी जवळजवळ तीनशे, म्हणजे दहांतील एक, रोगाला बळी पडले. त्यांत पदवीधर डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी थोडे. बाकी रुग्णगाड्यांवरील मजूर, प्रेतवाहक, घरे धुणारे, पहारेकरी. ज्यांना जंतू म्हणजे काय हे कोणी कधी समजावून सांगितले नव्हते, ज्यांची मुखपट्टी काम करताना घसरे आणि कार्बोलिकने भिजलेल्या हाताने वर सारली जाई, ज्यांना रोजगारापायी हे काम सोडता येत नव्हते, त्यांच्या वाट्याला सर्वांत अधिक मरण आले. हे वाचताना आपल्या रुग्णालयातील सफाई करणाऱ्या मावशी आणि स्ट्रेचर ढकलणारे वॉर्डबॉय ज्याच्या डोळ्यांपुढे येणार नाहीत, तो वाचक विरळा. मुखपट्ट्या वाटताना त्यांच्यापर्यंत त्या शेवटी पोहोचतात, हे १९११ मध्ये खरे होते, आणि २०२० मध्येही अनेक ठिकाणी खरे ठरले.

आणखी एक हकिगत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही, जरी ती ख्रिस्ती मासिकात सांगताना लेखणी अडखळते. फूच्यात्येनमध्ये एक रोमन कॅथलिक मिशनचे आवार होते. साथ वाढली तशी भाविक मंडळी आपल्या फ्रेंच धर्मगुरूंच्या आश्रयाला त्या आवारात जमली. एकत्र राहणे, एकत्र प्रार्थना. आत कोणी आजारी पडले तर ते बाहेर कळविण्यात येईना. सरकारी माणसांच्या हाती रोगी देणे म्हणजे त्याला मरणाला देणे असे त्यांना वाटले, आणि त्यांचे वाटणे अगदीच निराधार नव्हते, कारण प्लेग रुग्णालयातून जिवंत परत कोणी येतच नव्हते. प्रेते आतच पुरली गेली. अखेर बातमी फुटली, तपासणी झाली, तेव्हा सुमारे तीनशे जणांपैकी दोनशेहून अधिक माणसे गेली होती. धर्मगुरूही त्यांत होते. त्या गुरूंनी कळप सोडला नाही. जो खोकला एका बाकावरून दुसऱ्या बाकावर गेला, तो त्यांच्या श्रद्धेची परीक्षा पाहावयास थांबला नाही, एवढेच.

त्याच दिवसांत सुमारे पाचशे किलोमीटर दक्षिणेला, मुकडेन येथे, आर्थर जॅक्सन नावाचा सव्वीस वर्षांचा मिशनरी डॉक्टर काम करीत होता. हाही केंब्रिजचा विद्यार्थी. स्कॉटलंडच्या युनायटेड फ्री चर्चच्या मिशनतर्फे तो १९१० च्या अखेरीस मुकडेनला आला, तो तेथील ज्येष्ठ मिशनरी डॉ. डुगाल्ड क्रिस्टी यांच्या नियोजित वैद्यकीय महाविद्यालयात शिकविण्यासाठी. पण भाषा शिकून व्हावयाच्या आधीच प्लेग आला. रेल्वेने जाणाऱ्या मजुरांची तपासणी करण्यास कोणीतरी हवे होते. जॅक्सन स्वतःहून पुढे झाला. जानेवारीच्या मध्यास सुमारे ४७० मजुरांनी भरलेली एक गाडी, वाटेत प्लेग आढळल्यामुळे, पुढच्या स्थानकावरून मुकडेनला परत पाठविण्यात आली. त्या मजुरांना स्थानकाजवळच्या धर्मशाळांत डांबून ठेवण्यात आले, आणि दररोज त्यांच्यातील आजारी निवडून वेगळे करण्याचे काम जॅक्सनकडे आले.

त्याने निष्काळजीपणा केला नाही. पांढरा झगा, उंच बूट, जंतुनाशकात भिजवलेली मुखपट्टी, सारे तो वापरीत होता. आपल्या मदतनिसांना तो मागे उभे करी आणि दारातून प्रथम स्वतः आत शिरे. तरी २४ जानेवारीला त्याला ताप आला आणि २५ जानेवारी १९११ च्या संध्याकाळी तो प्रभूच्या घरी गेला. मुखपट्टी कोठे सैल झाली असेल, बंद खोलीत ती पुरी पडली नसेल. अशा कामात काळजी घेतल्याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. मेस्नी आणि जॅक्सन यांच्या मृत्यूत केवळ दोन आठवड्यांचे अंतर आहे. पण या दोन मृत्यूंना एकाच मापाने मोजणे बरोबर होणार नाही असे आम्हांस वाटते.

जॅक्सनच्या स्मरणार्थ झालेल्या सभेत मांचुरियाचे सुभेदार शी-ल्यांग स्वतः उपस्थित राहिले आणि या परक्या तरुणाने आपल्या प्रजेसाठी प्राण दिला, आपले शासन त्याचे रक्षण करू शकले नाही, याबद्दल त्यांनी उघड दुःख व्यक्त केले. ते ख्रिस्ती नव्हते. त्यांनी जॅक्सनच्या कुटुंबासाठी दहा हजार डॉलर पाठविले. जॅक्सनच्या आईने ती रक्कम स्वतःसाठी न ठेवता, ज्या महाविद्यालयात मुलगा शिकविणार होता त्यासाठी परत दिली. मुकडेनचे ते वैद्यकीय महाविद्यालय १९१२ साली उघडले.

इकडे हार्बिनमध्ये वूंपुढे एक निराळेच संकट उभे होते. स्मशानात दोन हजारांहून अधिक शवपेट्या आणि प्रेते उघड्यावर पडली होती. जमीन कित्येक फूट खोलवर गोठलेली; कुदळ लागत नव्हती. प्रेतांतील जंतू थंडीने मरत नाहीत, आणि बर्फ वितळल्यावर हाच साठा पुन्हा पेट घेईल, हे वूंना दिसत होते. एकच उपाय होता, दहनाचा. आपल्या देशात त्यात विशेष काही वाटणार नाही. पण चीनमध्ये पूर्वजांचा देह मातीत विसावला पाहिजे अशी हजारो वर्षांची श्रद्धा, आणि प्रेत जाळणे म्हणजे त्याची विटंबना. वूंनी गावातील प्रतिष्ठितांना गाड्यांत बसवून स्मशानात नेले. त्यांनी ते दृश्य पाहिले आणि विरोध सोडला. मग थेट सम्राटाच्या नावे अर्ज गेला. काही दिवस उत्तराविना गेले, आणि रोज शंभर-दीडशे माणसे मरत होती. ३० जानेवारी रोजी, चिनी नववर्षाच्या दिवशीच, परवानगी आली. दुसऱ्या दिवशी शवपेट्यांचे ढीग रचून, रॉकेल ओतून, अग्नी देण्यात आला.

त्या दिवसापासून मृत्यूची संख्या उतरू लागली. वूंचे विरोधक म्हणतील की साथ तशीही उतरणारच होती. विलगीकरणाचे आणि मुखपट्टीचे फळ त्याच वेळी दिसू लागले, हे अधिक खरे. पण लोकांच्या मनावर त्या ज्वाळांचा परिणाम झाला यात शंका नाही. १ मार्च १९११ रोजी फूच्यात्येनमधील शेवटचा रोगी नोंदला गेला. सुमारे २४,००० वस्तीच्या त्या गावात पाच हजारांहून अधिक माणसे मेली होती. साऱ्या मांचुरियात व उत्तर चीनमध्ये मिळून सुमारे साठ हजार.

एप्रिलमध्ये मुकडेनला आंतरराष्ट्रीय प्लेग परिषद भरली. अकरा देशांचे तज्ज्ञ आले. प्लेगच्या जंतूचे शोधक म्हणून जगप्रसिद्ध असलेले जपानचे कितासातोही त्यांत होते. अध्यक्षस्थानी बत्तीस वर्षांचे वू. तीन महिन्यांपूर्वी ज्यांचा वंशावरून अपमान झाला होता, त्यांनी जवळजवळ महिनाभर या सभेचे कामकाज चालविले. तेथे आलेल्या अमेरिकन डॉक्टरांनी मुकडेनच्या रुग्णालयात एक साधा प्रयोग करून दाखविला : रोगी शांतपणे श्वास घेतो तेव्हा समोर धरलेल्या काचपात्रावर जंतू क्वचितच सापडतात, खोकतो तेव्हा विपुल सापडतात, मग डोळ्यांना तुषार दिसोत वा न दिसोत. वूंनी एका शवावरून जे ताडले होते त्याला प्रयोगाचे बळ मिळाले.

पुढील आयुष्याविषयी थोडक्यात सांगतो. १९१२ साली वूंनी हार्बिन येथे कायमचे प्लेग-प्रतिबंधक खाते उभारले. १९२०-२१ मध्ये तोच रोग पुन्हा आला तेव्हा माणसे प्रशिक्षित होती, रुग्णालये तयार होती. मृत्यू साठ हजारांऐवजी सुमारे नऊ हजारांवर थांबले. १९१५ साली त्यांनी सहकाऱ्यांसह चिनी वैद्यक संघटना स्थापन केली, १९१८ मध्ये पेकिंगचे मध्यवर्ती रुग्णालय उघडले, १९२६ मध्ये फुफ्फुसाच्या प्लेगावरील त्यांचा मोठा ग्रंथ राष्ट्रसंघाने प्रसिद्ध केला. १९३० पासून चीनच्या बंदरांवरील क्वारंटाइनचे खाते त्यांनी परकीयांच्या हातून आपल्या हाती घेतले. १९३१ मध्ये मांचुरिया गिळंकृत करणाऱ्या जपान्यांनी हेरगिरीच्या संशयावरून त्यांना काही काळ अटकेत ठेवले. १९३५ साली नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचविण्यात आले. ते मिळाले नाही. घरी मात्र दुःखे येतच राहिली. मुलगे अकाली गेले आणि १९३७ साली रूथबाईही गेल्या. त्याच वर्षी शांघायवर बाँब पडू लागले, आणि वू मलायात परतले.

त्यांची मुखपट्टी मात्र थांबली नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात तिच्यासारख्या गॉझच्या पट्ट्या जगभर बांधल्या गेल्या; आणि करोनाच्या काळात आपल्या परिचारिकांच्या नाकावर ज्या एन-९५चे वळ उमटत, तिच्या पूर्वजांत हार्बिनची ही कापसाची घडी गणली जाते. मधल्या काळात आपण ती विसरलोही होतो. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगाची हाक उठली तेव्हा लाखो लोक शहर सोडून पळाले, आणि त्यांत खासगी डॉक्टरही पुष्कळ होते. सरकारी रुग्णालयातील डॉक्टर व परिचारिका तोंडाला पट्टी बांधून जागेवर राहिल्या. आता या रोगावर स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन यांसारखी औषधे आहेत. वेळेवर दिली तर रोगी वाचतो. वूंच्या हाती त्यांपैकी काहीही नव्हते.

मलायात त्यांनी इपोह गावी पुन्हा साधा दवाखाना थाटला. ज्यांनी सम्राटाकडून आज्ञा मिळविली आणि अकरा राष्ट्रांच्या तज्ज्ञांपुढे अध्यक्षपद भूषविले, ते आता बाजारपेठेतील एका दुकानवजा जागेत बसून खोकला-तापाची औषधे देऊ लागले. गरिबांकडून पैसे घेत नसत. जपानी अंमलाच्या काळात, १९४३ मध्ये, जंगलातील प्रतिकारकांनी त्यांना खंडणीसाठी पळवून नेले. पैसे भरून ते सुटले आणि पुन्हा दवाखान्यात येऊन बसले. १९५९ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. हार्बिनवरील त्याचे पहिले प्रकरण वाचताना असे वाटते की अर्धे शतक लोटले तरी त्या धर्मशाळांतील माणसे, ते १२० डबे आणि मेस्नींची ती शेवटची भेट त्यांच्या डोळ्यांपुढून हलली नव्हती. ऐंशीव्या वर्षापर्यंत ते रोगी तपासत होते. २१ जानेवारी १९६० रोजी, ज्या पेनांगमध्ये जन्म झाला त्याच पेनांगमध्ये, त्यांचे देहावसान झाले.